मनुष्यऋण

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णालयातल्या कारकुनाने संमतिपत्राचा जो छापील कागद माझ्यापुढे सरकवला, त्यावर मुख्य शल्यवैद्याच्या नावापुढे 'व त्यांचे सहकारी' असे तीन शब्द होते; आणि खतांवर व कबुलायतींवर सह्या करताना माणूस नेमके कामाचे शब्द डोळ्याआड करतो त्या शिरस्त्याप्रमाणे मी ते तीन शब्द ओलांडून खाली सही करून मोकळा झालो. नाकात कोंब वाढलेले, फोडणीचा वाससुद्धा येईनासा होऊन वर्ष उलटलेले, रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेला, अशा अवस्थेत सहकारी कोण आणि किती, याची पृच्छा करण्याचे त्राण कोणाला असते?

दुसऱ्या दिवशी त्या शब्दांचा अर्थ माझ्या कानांवर पडला. पूर्ण भूल न देता नाकापुरती बधिरता आणि वर थोडी गुंगी, अशी व्यवस्था होती. रक्तवाहिन्या आकसाव्यात म्हणून औषधात भिजवलेल्या पट्ट्या आधीच नाकात ठासून बसवल्या होत्या. चेहरा हिरव्या कापडाने झाकला होता, परंतु दोन्ही डोळे मुद्दाम उघडे ठेवले होते. नाकाच्या आत काम करणाऱ्याने बाहेरून डोळ्यावर पहारा ठेवायचा असतो, कारण आत हात चुकला तर पहिली फिर्याद डोळाच गुदरतो, हे मला पुढे कळले. आत काहीतरी मोडत होते, आणि तो आवाज बाहेरून नव्हे तर कवटीच्या आतूनच, वाळलेली कुरडई बोटांनी चुरावी तसा, माझ्यापर्यंत पोहोचत होता. एवढ्यात उजव्या बाजूने एक वयस्क, शांत आवाज आला:

'थांब. आधी रक्त पूस. दिसेल तेव्हाच हात पुढे. हं, आता सांग, डोळा कुठे आहे?'

'या पातळ हाडाच्या पलीकडे, सर,' एका तरुण मुलीचा आवाज.

'आणि मेंदू?'

'वर आहे, सर. अजून तिथवर गेले नाही.'

'जाऊ नकोसच.'

ज्या डोळ्याची आणि ज्या मेंदूची ही तोंडी परीक्षा चालली होती ते दोन्ही माझे होते, ही गोष्ट त्या क्षणी माझ्याखेरीज तेथे कोणाला फारशी जाणवत नसावी. थोड्या वेळाने तो वयस्क आवाज 'दे इकडे' असे म्हणाला. दोन-तीन मिनिटे आतल्या हाताची चाल बदललेली मला स्पष्ट जाणवली. आणि मग तोच आवाज म्हणाला, 'घे.'

त्या एकाक्षरी शब्दाने मला पुढे अनेक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. जे शस्त्र निष्णात हातात सुखरूप होते ते त्याने शिकाऊ हातात परत का दिले, आणि कोणत्या अधिकाराने दिले? देणारा तो, घेणारी ती, आणि ज्याच्या मस्तकात हा देवघेवीचा व्यवहार झाला त्या मला कोणी काही विचारलेच नव्हते. ऑपरेशन उत्तम झाले, तक्रारीला जागा उरली नाही. म्हणूनच प्रश्न अधिक शुद्ध स्वरूपात शिल्लक राहिला, कारण जेथे नुकसान होते तेथे माणूस नुकसानीचाच विचार करतो आणि न्यायाचा विचार मागे पडतो. एका मनुष्याच्या जिवंत देहावर दुसऱ्याने विद्या शिकावी काय, आणि शिकल्यास तो त्या मनुष्याचे काय देणे लागतो, असा तो प्रश्न आहे. तो वैद्यकाच्या दालनात उभा राहिला तरी मुळात धर्मविचाराचा आहे.

शरीराच्या कोणत्याही भागाविषयी हा प्रश्न उपस्थित होईल. परंतु नाकाच्या मुळाशी तो जितका धारदार होतो तितका क्वचितच कोठे होत असेल. नाक हे आपल्या भाषेत अब्रूचे ठिकाण आहे, आणि शरीररचनेच्या दृष्टीने पाहिले तर ते एक अत्यंत जोखमीचे नाके आहे. दोन डोळ्यांच्या मधोमध जाळीदार हाडाच्या बारीक कोठड्या असतात. त्यांच्या आणि डोळ्याच्या मधली भिंत इतकी पातळ की शरीरशास्त्रज्ञांनी तिला कागदाच्या पत्र्याचे नाव दिले आहे. वरचे छप्पर म्हणजेच मेंदूची जमीन. त्यातील गंधनाड्यांच्या बाजूची उभी पट्टी कवटीच्या तळातील सर्वांत नाजूक हाड मानली जाते, आणि ती खोलगट जागा काहींत तीन मिलिमीटरांहून कमी, तर काहींत आठापासून सोळा मिलिमीटरांपर्यंत खोल असते, हे झाग्रेबच्या केरोसने 1962 साली मोजून दाखवले. सर्वांत मागच्या पोकळीच्या बाजूच्या भिंतीवर मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आणि दृष्टीची नाडी यांचे उंचवटे दिसतात, आणि कित्येक माणसांत त्यांवर हाडाचे आवरणही धड नसते. त्या पोकळीच्या मागे, ज्याला जुन्या युरोपीय शारीरज्ञांनी तुर्की खोगीर म्हटले त्या खळगीत, पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. म्हणजे सर्दीपडशाच्या घरातून चार बोटे आत गेले की माणूस दृष्टी, स्मृती आणि प्राण यांच्या उंबरठ्यावर उभा असतो.

अशा ठिकाणी हात घालण्याची विद्या एका दिवसात जन्मली नाही. पूर्वी गालाच्या पोकळीतला पू काढण्यासाठी ओठाखालून हाड फोडीत. अमेरिकेत कॉल्डवेलने 1893 साली आणि फ्रान्समध्ये ल्यूकने 1897 साली ती पद्धत सांगितली, आणि पुढे कित्येक दशके तिचाच अंमल चालला. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे मेसरक्लिंगरने नाकातील सूक्ष्म केसरांच्या गतीचा पाठपुरावा केला तेव्हा असे आढळले की पोकळीला खालून कितीही प्रशस्त वाट करून दिली तरी आतला स्राव निसर्गाने नेमून दिलेल्या मूळच्या दाराकडेच वाहत जातो. तेव्हा नवे दार फोडू नये, जुन्या दारापुढचा अडथळा दूर करावा, हा विचार पुढे आला; हॉपकिन्सच्या काचदंडी दुर्बिणीने 1960नंतर त्याला डोळे दिले; ग्रात्सचा श्टामबर्गर आणि बाल्टिमोरचा केनेडी यांनी तो जगभर नेला. केनेडीने 1985 साली त्या शस्त्रक्रियेला जे नाव दिले त्यात 'कार्य' या अर्थाचा शब्द आहे. काढून टाकण्यापेक्षा नाकाचे चालते कार्य परत मिळवून देणे हा तिचा हेतू. पुढे त्याच वाटेने, कवटी न उघडता, मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींपर्यंत शल्यवैद्य पोहोचले.

या विद्येला नेहमीचे शिक्षण पुरेनासे झाले. आपल्याकडे साडेपाच वर्षांची पहिली पदवी आणि तीन वर्षांची कान-नाक-घशाची पदव्युत्तर पदवी, अमेरिकेत पदवीनंतर पाच वर्षांची उमेदवारी, एवढे झाल्यावरही जो केवळ नाकाच्या पोकळ्या आणि कवटीचा तळ यांच्याच विकारांना वाहून घेऊ इच्छितो तो आणखी वर्षभर, कोठे दोन वर्षे, एखाद्या जाणत्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो. या अवस्थेला फेलोशिप म्हणतात. प्रथम त्याने मृतदेहाच्या मस्तकात तीच वाट पुनःपुन्हा चालावी. रुग्णाच्या स्कॅनवर केरोसच्या खोलीपासून धमनीच्या वळणापर्यंत सर्व खाणाखुणा आदल्या दिवशी वाचून दाखवाव्यात. मग दुर्बीण धरावी, मग सोपे दार उघडावे, मग मधल्या कोठड्या, मग मागची पोकळी, आणि कपाळाची पोकळी व मेंदूचा तळ सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीवर शेजारचा माणूस 'घे' म्हणतो, आणि कधी 'दे इकडे' म्हणतो. वर्षाचा सारा अभ्यासक्रम या दोन उद्गारांत सामावलेला आहे असे म्हटले तरी चालेल.

'फेलो' या शब्दाचा आपण सोबती किंवा सहकारी असा अर्थ करतो, आणि संमतिपत्रावरचा शब्द त्याचेच भाषांतर असावे. परंतु त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जुन्या नॉर्स भाषेतला एक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ सामायिक धंद्यात आपले द्रव्य मांडणारा भागीदार असा होतो. ही व्युत्पत्ती मला मोठी सूचक वाटते. गुरू आपला अनुभव मांडतो, शिष्य आपले वय आणि झोप मांडतो. पण ज्या भांडवलावाचून हा धंदा एक दिवसही चालणार नाही ते भांडवल, म्हणजे जिवंत देह, तिसराच कोणी मांडतो, आणि भागीदारीच्या खतात त्याचे नाव नसते.

आपल्या पूर्वजांना हे भांडवल शक्य तितके वाचवावे याची जाणीव होती. सुश्रुताने सूत्रस्थानात हाताच्या अभ्यासासाठी एक सबंध अध्याय खर्ची घातला आहे. छेद घेण्याची सवय कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावी. शिरावेधाची सवय मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावी. शिवण्याचा सराव वस्त्राच्या व मऊ चामड्याच्या कडांवर, आणि पट्टी बांधण्याचा मातीच्या किंवा कापडाच्या पुतळ्यावर. केवळ शास्त्र पढलेला आणि कर्म न केलेला वैद्य रोग्यापुढे रणांगणावरच्या भित्र्यासारखा गांगरतो, आणि केवळ कर्म जाणणारा व शास्त्र न पढलेला राजदंडाला पात्र होतो, असेही त्याने बजावले आहे. परंतु सुश्रुत ज्याविषयी मौन पाळतो तेथेच आपला प्रश्न सुरू होतो. कोहळ्याला रक्त येत नाही. मृतदेहालाही येत नाही. आणि नाकाच्या शस्त्रक्रियेत तर रक्ताचा एक थेंब दुर्बिणीच्या काचेवर आला की सारा नकाशा तांबडा होतो. फळापासून पुतळ्यापर्यंत, पुतळ्यापासून प्रेतापर्यंत कितीही पायऱ्या रचल्या तरी प्रेत आणि जिवंत माणूस यांच्यामध्ये एक दरी उरतेच, आणि ती प्रत्येक शल्यवैद्याला एकदा तरी उडी घेऊनच ओलांडावी लागते. ती उडी ज्याच्या देहावर पडते त्याचे काय?

याला पहिले उत्तर व्यवहारी माणूस देईल. कोणी तरी पहिला असल्याशिवाय दुसरा कसा असणार? आजचा निष्णात हात काल अडाणी होता; त्याला कोणी आपले नाक दिले म्हणून तर आज हजारांना तो उपयोगी पडतो. बहुजनांचे हित पाहावे, एकट्याचे पाहू नये. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे; कारण बहुजनांच्या हिताचा हिशेब मांडताना ज्याचे नाव खर्चाच्या बाजूला टाकले त्याला तो हिशेब दाखवलेलाच नसतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने असा दंडक घालून दिला की मनुष्याला केव्हाही केवळ साधन म्हणून वापरू नये. या दंडकातला 'केवळ' हा शब्द पुष्कळ जण गाळतात. साधन तर आपण सारेच एकमेकांचे असतो. टपालवाला माझे साधन आहे आणि मी त्याच्या पगाराचे. माझे नाक त्या मुलीच्या शिक्षणाचे साधन झाले, तसे ते माझ्या स्वतःच्या श्वासासाठीही मोकळे झालेच. मग दोष कोठे राहिला? तो एवढ्यातच की साधन होण्याची गोष्ट मला सांगून झाली नाही. सांगितले असते तर 'केवळ' हा शब्द गळून पडला असता.

दुसरे उत्तर अधिक सूक्ष्म आहे आणि ते आपल्याच परंपरेतून निघते. मुळात कर्ता कोण, असे कोणी विचारील. मेंदूच्या तळाची शस्त्रक्रिया आता बहुधा दोन शल्यवैद्य मिळून, दोन नाकपुड्यांतून चार हातांनी करतात. दृष्टी मात्र एकच, ती समोरच्या पडद्यावर. एक दुर्बीण धरतो आणि शोषनळी फिरवतो, दुसरा कापतो. एकाचा हात थबकला तर दुसऱ्याचा आपोआप थबकतो. या चार हातांतले कर्तृत्व कोणाचे? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना चेष्टा आणि पाचवे दैव, आणि जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी सदोष ठरवली आहे. अधिष्ठान म्हणजे शरीर, असे भाष्यकार सांगतात. त्यांच्या मनात कर्त्याचे स्वतःचे शरीर होते. शस्त्रक्रियेत मात्र अधिष्ठान परक्याचे असते, आणि माझ्या मते सारा भेद येथे पडतो. अकर्तृत्वाचा हा सिद्धांत यशाच्या वेळी अहंकारावर उत्तम उतारा आहे. पण अपयशाच्या वेळी तोच एक सोयीस्कर पळवाट होतो, आणि 'दैवाने झाले' हे वाक्य ज्याच्या देहावर झाले त्याने उच्चारले तर ती शांती, आणि ज्याच्या हातून झाले त्याने उच्चारले तर ती टाळाटाळ. म्हणून कर्ता कोण हा प्रश्न येथे सोडून द्यावा आणि देणेकरी कोण हा विचारावा. कर्तृत्वाची वाटणी होऊ शकेल. सामायिक कर्जाची होत नाही. त्यात प्रत्येक जण सबंध रकमेला बांधलेला असतो.

ऋणाची भाषा मी उगाच वापरीत नाही. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो हा विचार वैदिक वाङ्मयाइतका जुना आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन आपल्या तोंडी बसलेली आहेत. परंतु शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, ते मनुष्यऋण. तेथे त्याची फेड अतिथीला निवारा आणि अन्न देऊन करायची आहे. शल्यवैद्याच्या बाबतीत हे ऋण उलट दिशेने येते: येथे अतिथीच यजमानाला देतो. दाराशी आश्रय मागायला आलेला रोगी आपला देह त्या घराच्या विद्येसाठी मांडतो, आणि जाताना शुल्कही भरून जातो! पापात आणि ऋणात फरक आहे. पाप लपवले जाते. ऋण खात्यावर चढवले जाते. ज्या घरात हे देणे खात्यावर चढवले जाते तेथे शिकणे हा धर्म आहे, आणि ज्या घरात ते लपवले जाते तेथे तेच शिकणे अपहार ठरते, हातात शस्त्र तेच आणि छेदही तोच असला तरी.

खात्यावर नाव कोणाचे राहते, हाही प्रश्न आहे. वैद्यकाच्या इतिहासात पद्धतींना शल्यवैद्यांची नावे मिळतात. ज्यांच्या देहावर त्या पद्धती ठरल्या त्यांची नावे उरत नाहीत. याला एक ठळक अपवाद आपल्या पुण्याचा आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा इसम टिपूच्या माणसांच्या हाती लागून नाक आणि एक हात गमावून बसला. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाचे कातडे खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून, तो कपाळावर पसरून, त्याबरहुकूम कातडे आखून घेतले होते. दोन इंग्रज वैद्यांनी ते कर्म पाहिले, आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर 1794च्या अंकात त्याची हकिकत छापून आली. वीस वर्षांनी, 1814 साली, लंडनच्या कार्प्यूने प्रेतांवर सराव करून तेच कर्म जिवंत माणसावर केले, आणि युरोपात ती विद्या पुन्हा रुजली. या हकिकतीत कावसजीचे नाव टिकले आणि ज्याने नाक केले त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. एरवीच्या नियमाचे हे उलटे टोक आहे. कारागिरावर अन्याय झाला खरा. पण धनकोचे नाव दप्तरात राहिल्याची एवढी स्पष्ट नोंद मला दुसरी आठवत नाही.

कपाळाचे ते कातडे आपल्या मुळाशी जिवंत ठेवून वळवलेले होते. मेंदूच्या तळाची वाट नाकातून उघडू लागल्यावर मेंदूभोवतीचे पाणी नाकात झिरपणे ही मोठी अडचण होऊन बसली होती. 2006 साली आर्जेंटिनातील रोसारियोच्या हदाद आणि बासागास्तेगी यांनी अमेरिकेतील पिट्सबर्गच्या शल्यवैद्यांसह असे मांडले की नाकाच्या मधल्या पडद्याचे अस्तर, त्याची रक्तवाहिनी कायम ठेवून, मागे वळवावे आणि त्यानेच भगदाड झाकावे. कल्पना पुण्याच्या कारागिराच्याच गोत्रातली आहे. भगदाड पडते रुग्णाच्या देहात आणि त्याची भरपाईही होते रुग्णाच्याच देहातून. शल्यवैद्य आपल्या पदरचे त्यात हाताखेरीज काही घालीत नाही. ऋणाचे याहून स्पष्ट चित्र मी कल्पू शकत नाही.

मग फेड कशी व्हावी? ज्याच्याकडून घेतले त्याला परत करण्याची सोय या व्यवहारात नाही. फेड पुढच्या रुग्णाला आणि पुढच्या शिष्याला होते. नाकाच्या वाटेने पिट्युटरीची गाठ काढण्याचे कर्म इन्सब्रुकच्या श्लोफरने 1907 साली केले. अमेरिकेत हार्वी कुशिंगने 1910पासून ते दोनशेंहून अधिक रुग्णांवर करून पुष्कळ सुधारले, आणि मग कवटी उघडण्याच्या वाटेकडे वळून स्वतःच सोडून दिले. एवढ्या मोठ्या गुरूने टाकलेली वाट बहुतेकांनी टाकली. परंतु 1923-24 साली एडिंबरोचा नॉर्मन डॉट नावाचा तरुण फेलो म्हणून बोस्टनला कुशिंगपाशी राहून गेला होता; त्याने ती वाट आपल्या गावी तशीच चालू ठेवली. डॉटकडून ती पॅरिसच्या ग्योने उचलली, ग्योकडून मॉन्ट्रिअलच्या हार्डीने, आणि हार्डीने 1960नंतर तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली तेव्हा जगाला ती परत मिळाली. कुशिंगच्या त्या दोनशेंवर रुग्णांनी जे कर्ज दिले होते ते कुशिंगच्या हयातीत जवळजवळ बुडीत खाती गेले होते. ते वसूल झाले तिसऱ्या पिढीत, समुद्रापलीकडे, ज्यांची नावे त्या रुग्णांनी कधी ऐकली नव्हती अशांच्या नाकांत. सावकारीच्या कोणत्याही कायद्यात न बसणारा हा व्यवहार एका वर्षाच्या शिष्यत्वाने तारला.

येथे गुरूचे स्थान मला उलगडते. पेशवाईतल्या दप्तरांत जामिनाचे प्रकार आढळतात: माणसाच्या हजेरीची हमी देणारा हाजीरजामीन, त्याच्या वर्तनाची हमी देणारा फैलजामीन आणि रकमेची हमी देणारा मालजामीन. शल्यविद्येचा गुरू हा तिन्ही प्रकारचा जामीन आहे. त्याने हजर असावे. शिष्याच्या हाताच्या चालीला उत्तरदायी असावे. आणि नुकसान झालेच तर पहिल्याने आपले नाव पुढे करावे. सुश्रुताच्या उपनयनविधीत शिष्याला नियम सांगून झाल्यावर गुरूही अग्नीसमक्ष स्वतःला बांधून घेतो: तू नीट वागत असता मी अन्यथा वागलो तर पाप माझे आणि माझी विद्या निष्फळ. शपथ शिष्याने घ्यावी हे जगभर आहे. गुरूने घ्यावी हे मला विशेष वाटते. आता 'घे' या शब्दाचा अर्थ लागतो. त्या दोन-तीन मिनिटांनंतरही शस्त्र आपल्याच हाती ठेवणे त्या वयस्क माणसाला सोपे होते, आणि परत देऊन शेजारी उभे राहणे, हात मोकळे आणि डोळे पडद्यावर ठेवून, हे कठीण होते. स्वतः करणाऱ्याला स्वतःच्या हाताचा भरवसा असतो. जामिनाला दुसऱ्याच्या हाताचे भय आणि त्याच हाताची आशा, दोन्ही एकदम बाळगावी लागतात. त्याने ते मला विचारून केले असते तर त्याच्या वर्तनात मी काहीच उणे काढले नसते.

जामीन जेथे कागदावर आहे आणि खोलीत नाही, तेथे मात्र सारी इमारत ढासळते. आणखी एक गोष्ट मनाला टोचते. आपल्याकडे हे कर्ज बव्हंशी सर्वसाधारण वॉर्डातले लोक देतात. पैसेवाला इसम 'मोठ्या डॉक्टरांनीच करावे' असे बजावू शकतो. गावाहून एसटीने आलेल्या माणसाला तसे बजावता येते हेच ठाऊक नसते. मग विद्या गरिबाच्या देहावर कमावली जाते आणि तिचे व्याज श्रीमंताच्या दवाखान्यात वसूल होते. एवढ्यासाठी शिक्षण बंद करावे असे मी म्हणणार नाही, कारण शिक्षण बंद पडल्याचा पहिला फटकाही त्याच वॉर्डाला बसेल. धनको बदलता येत नसेल तर निदान ऋणको कोणाकोणाचे देणे लागतो हे त्याच्या मनावर कोरले जावे. शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी ती मुलगी माझ्या खाटेशी आली होती. हातातली बॅटरी डोळ्यावर धरून 'काका, वर बघा, आता खाली, बोटं किती दिसतात?' असे तिने विचारले, मी 'तीन' म्हणालो, आणि तिने नकळत सोडलेला निःश्वास मला ऐकू आला. त्या निःश्वासात मला खात्यावरची नोंद दिसली.

ती आज कोठे असेल, मला माहीत नाही. वर्ष संपवून ती आपल्या गावाकडे गेली एवढेच कळले. माझ्या नाकाचे कर्ज कोणाच्या नाकात फिटत असेल ते मला दिसायचे नाही, आणि दिसावे असा माझा हट्टही उरलेला नाही.

नाकातले कोंब परत उगवतात, हा त्या रोगाचा स्वभाव. काही वर्षांनी मला पुन्हा त्याच जिन्याने चढावे लागले. शल्यवैद्य दुसरे, कारकून दुसरा, कागद तोच. या खेपेस मी 'सहकारी' या शब्दावर बोट ठेवून विचारले, 'हे कोण?' कारकून गोंधळला. असा प्रश्न त्याला कोणी केला नसावा. त्याने आत जाऊन चौकशी केली, आणि थोड्या वेळाने एक किरकोळ अंगाचा मुलगा बाहेर येऊन माझ्यापुढे उभा राहिला.

'मीच, काका. काही भाग मी करणार. सर शेजारी असतील.'

'पूर्ण वेळ?'

'पूर्ण वेळ.'

'किती केलीत आतापर्यंत?'

तो क्षणभर थांबला. खोटे सांगायला तेवढा वेळ पुरला असता. 'अशी, पुन्हा उगवलेली, हे तिसरं,' तो म्हणाला.

मी त्याचे नाव विचारून घेतले, 'सहकारी' या शब्दापुढे ते माझ्या हाताने लिहिले आणि खाली सही केली.